बारामतीचे गृहस्थ कवी मोरोपंत

पुण्याहून बारामतीकडे येणारा प्रवासी आज दोन्ही बाजूंना उसाचे मळे, कारखान्यांची धुराडी आणि महाविद्यालयांच्या इमारती पाहतो. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी याच वाटेने येणाऱ्याला मात्र मुरमाड माळ, बाजरीची पिके आणि उन्हाळ्यात बारीक होत जाणारी कऱ्हा नदी दिसत असे. निरेचा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याआधीचा बारामती-इंदापूरचा हा मुलूख पावसाकडे डोळे लावून बसणारा होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या घराण्याशी त्याचे नाते जुने. पुणे, सुपे, इंदापूर ही नावे शहाजीराजांच्या जहागिरीत एका दमात घेतली जात. पण आज ज्यांची आठवण करावयाची आहे, ते ना सरदार होते ना कारभारी. त्यांनी कधी तलवार धरली नाही, गाव वसवले नाही, मठ स्थापला नाही. कऱ्हेच्या काठी एका सावकाराच्या आश्रयाने त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे संसार केला, पुराण सांगितले आणि लिहीत राहिले. त्यांचे नाव मोरेश्वर रामजी पराडकर. महाराष्ट्र त्यांना मोरोपंत म्हणून ओळखतो.

आपल्यापैकी ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्यांनी पंतांची निदान एक कविता म्हटलेली असते, मग कवीचे नाव लक्षात राहो वा न राहो. चांगली संगत लाभावी, चांगले शब्द कानी पडावेत, मनावरचा मळ जावा, अशी मागणी करणारी ती प्रार्थना अनेक शाळांच्या परिपाठात पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. तिचा कर्ता बारामतीचा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बारामतीची ओळख आता वेगळ्या कारणांनी एवढी मोठी झाली आहे, की तिच्या या जुन्या रहिवाशाला थोडे बाजूला सरकून उभे राहावे लागते.

पराडकरांचे मूळ गाव कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील सौंदळ. पंतांचे वडील रामजीपंत उपजीविकेसाठी घाट चढून पन्हाळगडावर आले. कोकणातून वर येऊन देशावर नशीब काढणे हा त्या शतकातला नित्याचाच क्रम होता. पेशव्यांचे घराणेही तसेच आले होते. पन्हाळ्यावर १७२९ साली मोरेश्वराचा जन्म झाला. गडावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये हे दोघे बंधू विद्वान म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्यापाशी या मुलाने व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र आणि काव्यशास्त्र यांचे अध्ययन केले. तेव्हाची पाठशाळा म्हणजे गुरूचे घर. तिथे ग्रंथ आधी कंठात उतरावयाचा आणि मग समजावयाचा. पंतांच्या पुढील लेखनात संस्कृत शब्दांचा जो अखंड ओघ दिसतो, त्याचा झरा त्या गडावरचा आहे. त्याच वेळी मराठीतील आधीचे कवीही त्यांनी मनापासून वाचले असले पाहिजेत. मुक्तेश्वर आणि वामनपंडित यांची सावली त्यांच्या रचनेवर स्पष्ट पडते.

पुढे या कुटुंबाचा संबंध बारामतीच्या नाईकांशी आला, आणि वयाच्या तेविशी-चोविशीत, १७५२ च्या सुमारास, पंत बारामतीस येऊन स्थिरावले. इथे थोडे थांबून हे नाईक कोण, ते सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पंतांच्या आयुष्याची चौकट समजणार नाही.

बाबूजी नाईक जोशी हे त्या काळातले बडे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई दिलेली होती. म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचे हे सासर. नाते जवळचे असले तरी व्यवहार कडू होता. बाजीरावांच्या मोहिमा कर्जावर चालत आणि त्या कर्जाचा मोठा भाग नाईकांचा होता. वसुलीचा तगादा सख्ख्या नात्यालाही चुकत नसे. १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव वारले, तेव्हा रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजी नाईकांनी थेट पेशवेपदावरच हक्क सांगितला. शाहू महाराजांनी तो मानला नाही आणि बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब यांना वस्त्रे दिली. नंतर नाईकांना कर्नाटकाची कामगिरी मिळाली, पण तिथेही यश आले नाही. अशा रीतीने मराठी राज्याच्या पहिल्या खुर्चीपर्यंत हात पोहोचून रिकामा परतलेला हा पुरुष बारामतीस आपल्या वाड्यात राहिला. कऱ्हेकाठचा तो भुईकोट वाडा आजही त्या घराण्याची आठवण देतो.

या वाड्यात मोरोपंत पुराणिक म्हणून नेमले गेले. नाईकांच्या घरातील मुलांना शिकविणे हेही त्यांच्याकडे होते. सत्ता गमावलेल्या पण श्रीमंती टिकवून असलेल्या घराला विद्वानाची सोबत हवी असते, आणि कुटुंब असलेल्या विद्वानाला बांधलेले उत्पन्न हवे असते. दोघांचीही गरज खरी होती. पंतांना पुण्याच्या दरबाराचे दार ठोठावता आले असते. श्रावणात पेशवे दक्षिणा वाटत, तिच्यासाठी दूरदूरचे शास्त्री पुण्यास येत. पंतांनी मात्र बारामती सोडली नाही. ज्या घरात एकदा मीठ खाल्ले, तिथेच आयुष्य काढले. नाईकांचे दिवस चढले-उतरले, पुढची पिढी आली, तरी पुराणिक तेच राहिले. ही निष्ठा आज आपल्याला थोडी भाबडी वाटेल. मला ती पंतांच्या स्वभावाची किल्ली वाटते. एका जागी राहून एकच काम वर्षानुवर्षे करीत राहणारा माणूस कसा असतो, हे ज्यांनी आपल्या गावातला एखादा जुना शिक्षक पाहिला आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

पुराणिकाचे काम म्हणजे नेमके काय, हे आपल्या वाचकांस फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावरून चांगले कळेल. १६१६ साली गोव्यात छापलेला तो ग्रंथ ओव्यांमध्ये रचला गेला, तो याच पद्धतीसाठी: एकाने सुरात वाचावे, अर्थ उलगडून सांगावा आणि भोवती बसलेल्यांनी ऐकावे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना पुराणश्रवणाची सवय होती आणि तिची उणीव भासत होती, म्हणून त्या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने तोच साचा घेतला. पंतांच्या बारामतीत हेच श्रवण भारत, भागवत आणि रामायण यांचे होत असे. श्रोत्यांत वाड्यातले धनीही असत आणि गावातले साधे लोकही. बसलेल्यांपैकी बहुतेकांना अक्षर येत नसे. त्यांच्यासाठी पुराणिक हाच ग्रंथ होता.

पंतांच्या घरधनिणीचे नाव रमाबाई. या घराविषयी आपल्यापर्यंत फार तपशील आलेला नाही, आणि जुन्या चरित्रांत ज्या आख्यायिका आहेत त्या सगळ्याच इथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पण एक पुरावा पंतांनी स्वतःच मागे ठेवला आहे. त्यांच्या विद्वत्ताप्रचुर ग्रंथांच्या ढिगात सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीगीत अशी छोटी छोटी गीते आहेत. ही बायकांसाठी लिहिलेली. त्यांत ना लांब समास आहेत ना कोड्यात टाकणारे श्लेष. जात्यावर दळताना, मुलाला झोपवताना, दुपारी चार जणी एकत्र जमल्या असता म्हणता याव्यात अशा सोप्या चालीच्या या रचना. पंडितांच्या सभेत यांना किंमत मिळणार नव्हती आणि नाईकांच्या वाड्यातल्या श्रोत्यांनी त्यांची मागणी केली असण्याचाही संभव कमी. मग त्या लिहिल्या कोणासाठी? ज्या माणसाच्या घरात पहाटे जाते फिरत होते आणि ज्याला त्याचा आवाज ऐकू येत होता, त्यानेच त्या लिहिल्या, असे मला वाटते. शेकडो समासांचा हा धनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन भाषा बदलत असे. चरित्रकाराने दहा आख्यायिका सांगितल्या तरी जे कळले नसते, ते या तीन गीतांवरून कळते.

मराठी संतकवींचा संसार हा एक वेगळाच विषय आहे. ज्ञानेश्वर संन्याशाचे पुत्र, स्वतः अविवाहित. रामदास बोहल्यावरून निघून गेले, असे सांगतात. तुकोबांचे दुकान बुडाले आणि घरात भांडणे झाली. या मालिकेत पैठणच्या एकनाथांनी संसार आणि परमार्थ यांची गाठ बांधून दाखवली. मोरोपंत एकनाथांच्या बाजूचे. घर चालवणे, मुलांची लग्ने-मुंजी करणे, धन्याची चाकरी वेळेवर करणे आणि उरलेल्या वेळात लिहिणे, असा त्यांचा दिवस. वैराग्य त्यांनी वर्णिले, पण त्यासाठी घर सोडले नाही.

आणि लिहिले तरी किती! पंतांची एकूण रचना पाऊण लाखाच्या घरात जाते, असे त्यांचे अभ्यासक सांगतात. कुशलवोपाख्यान, प्रल्हादविजय अशा आरंभीच्या आख्यानांपासून कृष्णविजय, मंत्रभागवत, हरिवंश अशा मोठ्या ग्रंथांपर्यंत हा पसारा आहे. मधोमध आर्याभारत उभे आहे. महाभारताची अठराही पर्वे त्यांनी आर्यांत आणली. मूळ ग्रंथ लाख श्लोकांचा म्हणून ओळखला जातो. पंतांचे भारत सतरा हजार आर्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे भारताची काही पर्वे अनेकांनी मराठीत आणली होती, काहींची हस्तलिखिते हरवली होती, काही अपुरी राहिली होती. एका कवीने, एका वृत्तात, आरंभापासून अखेरपर्यंत नेलेले असे भारत मराठीला पंतांनी दिले.

आर्या म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. संस्कृत वृत्तांपैकी बहुतेकांत अक्षरांचा क्रम ठरलेला असतो, लघू कुठे आणि गुरू कुठे ते नेमून दिलेले असते. आर्येत अक्षरे मोजत नाहीत, मात्रा मोजतात. पंतांची आर्या म्हणजे बहुशः तिचा गीती नावाचा प्रकार: दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत तीस मात्रा, बारा आणि अठरा अशा विभागलेल्या. दोन ओळींत एक प्रसंग, एक संवाद किंवा एक उपमा पुरी झाली पाहिजे, शिवाय शेवटी यमक जुळले पाहिजे. ही चौकट पंतांच्या हातात इतकी बसली, की कोणत्या कवीचे काय श्रेष्ठ हे सांगताना मराठी माणूस ज्ञानोबांची ओवी, तुकोबांचा अभंग आणि वामनाचा श्लोक यांच्या पंगतीला मोरोपंतांची आर्या बसवतो. कीर्तनकारांना तर ही आर्या म्हणजे हाताशी असलेले हत्यारच झाले. दोन ओळींत कथा पुढे सरकते, टाळ्या घेते आणि श्रोत्याच्या लक्षातही राहते.

आता त्यांच्या रामायणांविषयी. पंतांनी एकशे आठ रामायणे रचल्याची ख्याती आहे. जपमाळेचे मणी एकशे आठ, म्हणून रामायणे तितकी. कथा एकच, पण दर वेळी रचनेचा नवा नियम स्वतःवर लादून घेतलेला. निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारावयाची अक्षरे येऊ द्यावयाची नाहीत. अन्य काही रामायणांत ठरावीक अक्षरे ओळींतून अशी गुंफली आहेत, की ती क्रमाने वाचली असता मंत्र उमटतो. मंत्रभागवतातही हीच युक्ती आहे. आपल्या वाचकांना हा प्रकार सर्वस्वी परका वाटू नये. स्तोत्रसंहितेतील ११९ वे स्तोत्र मूळ हिब्रू भाषेत असेच बांधलेले आहे: त्या लिपीतील बावीस अक्षरे, प्रत्येक अक्षराने आरंभ होणारी आठ-आठ वचने, अशी १७६ वचने. अनुवादात ही बांधणी दिसेनाशी होते, एवढेच. भक्त जेव्हा पुन्हा पुन्हा त्याच नामाकडे येऊ पाहतो, तेव्हा असे नियम त्याला कुंपणासारखे नव्हे, पायवाटेसारखे वाटत असावेत.

तथापि खरे सांगावयाचे तर या रामायणांतली सगळीच आज वाचवत नाहीत. काही ठिकाणी नियम पाळला जातो आणि राम हरवतो. पंतांवर हा आक्षेप जुना आहे. ते कवी नव्हते, शब्दांचे कारागीर होते. संस्कृतचा भार घालून त्यांनी मराठी कुबडी केली. दुसऱ्यांच्या कथाच सांगितल्या, आपले काही सांगितले नाही, असे आरोप त्यांच्यावर झाले. यातला पहिला आरोप काही अंशी मान्य करावा लागेल. तिसरा मात्र अन्यायाचा आहे, आणि तो का, हे केकावलीपाशी आल्यावर दिसेल.

पंत लिहीत होते तो काळ शांत नव्हता. ते बारामतीस आल्यावर नऊ वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. महाराष्ट्रात असे घर क्वचितच असेल, जिथले कोणी ना कोणी गेले नाही. १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे ऐन उमेदीत क्षयाने वारले. पुढच्याच वर्षी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. मग बारभाईंचे कारस्थान आणि इंग्रजांशी सात वर्षांचे युद्ध. पंतांनी या कशावर स्वतंत्र काव्य केले नाही. पण भाऊबंदकीने पोखरलेले राज्य, वडीलधाऱ्यांचे मौन, तरण्या मुलांचे रणात पडणे, विधवांचा आक्रोश, हे सगळे ज्या ग्रंथात आहे तो महाभारत ग्रंथ ते याच वर्षांत मराठीत आणीत होते. बारामतीच्या श्रोत्यांत पानिपतावरून न परतलेल्यांच्या घरची माणसे नसतील असे म्हणवत नाही. अभिमन्यूची कथा त्यांच्या कानांवर पडताना वाड्यात कशी शांतता पसरत असेल, याची कल्पना करता येते.

पंतांच्या सन्मणिमालेचाही इथे उल्लेख केला पाहिजे. या छोट्या रचनेत त्यांनी पूर्वीच्या संतांना एकेक करून वंदन केले आहे. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात, शास्त्र शिकलेल्या एका ब्राह्मण पुराणिकाने या माळेत श्रीगोंद्याचे सूफी वळणाचे मराठी कवी शेख महंमद यांनाही ओवले. श्रीगोंदे बारामतीपासून फार दूर नाही. चांगुलपणा जिथे दिसला तिथे हात जोडावेत, इतका साधा विचार त्यामागे असावा.

सोलापूरचे शाहीर राम जोशी यांची गोष्ट याच घराशी येऊन मिळते. राम जोशी विद्वान घराण्यातले; पण लावणीचा आणि तमाशाचा नाद लागल्याने घरातून दूर झाले. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ आणि दोन्हींचा उपयोग फडावर. परंपरा असे सांगते, की मोरोपंतांनी त्यांची प्रतिभा ओळखली, त्यांना झिडकारले नाही, आणि त्यांच्या बोलण्याने राम जोशींनी डफ टाकून कीर्तनाची वाट धरली. कथेचे बारकावे सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण पंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव पोहोचवण्यात राम जोशींचा वाटा मोठा होता, याविषयी एकमत आहे. सबंध आयुष्य सोवळ्यात काढलेला वृद्ध पुराणिक आणि तमाशाच्या फडावरचा तरुण शाहीर यांची ती भेट मराठी मनाला इतकी भावली, की १९४७ साली त्या शाहिराच्या जीवनावर निघालेला चित्रपट घरोघरी पोहोचला. वाया गेलेला म्हणून ज्याच्यावर सर्वांनी शिक्का मारला आहे, त्याच्याशी थोडा वेळ बोलावे, हे पंतांना सुचले. घरातल्या मोठ्या माणसाला ते सुचते. नुसत्या पंडिताला सुचेलच असे नाही.

उतारवयाकडे झुकताना पंतांनी काशीयात्रा केली. त्या काळी बारामतीहून काशी म्हणजे कित्येक महिन्यांची पायपीट आणि परत येण्याची खात्री नाही. निघताना लोक घरच्यांचा निरोप शेवटचा समजून घेत. गंगेला उद्देशून लिहिलेली गंगावकिली ही त्यांची रचना प्रसिद्ध आहे. नावातच गंमत आहे. गंगेने देवाच्या दरबारी आपली वकिली करावी, आपला खटला चालवावा, अशी ही विनंती. नाईकांच्या वाड्यात देण्याघेण्याचे तंटे ऐकून ऐकून ही भाषा पंतांच्या कानांत बसली असल्यास नवल नाही.

ही वकिली पुढे त्यांनी स्वतःच हाती घेतली. संशयरत्नमालेत त्यांनी देवापुढे शंका मांडल्या. आणि केकावलीत सगळी भीड सोडली.

केका म्हणजे मोराचा टाहो. पंतांचे नाव मोरेश्वर, कवितेतली त्यांची मुद्रा मयूर. मोरगावचा मयूरेश्वर त्याच कऱ्हेच्या काठी, बारामतीच्याच परिसरात. या भागात मोर पूर्वी विपुल होते, असे गावाचे नावच सांगते. पावसाळ्यापूर्वी, ढग अजून क्षितिजावर असताना, मोर मान वर करून ओरडू लागतो. कोरडवाहू मुलखात राहणाऱ्याला त्या आवाजाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. देवाचे रूप मेघासारखे सावळे, आणि त्याला हाक मारणारा हा बारामतीचा मोर. पृथ्वी वृत्तातील एकशेवीसहून थोड्या अधिक श्लोकांचे हे काव्य, आणि त्यात सांगावयाला कथा नाही. पात्रे दोनच: एक बोलतो आहे, दुसरा गप्प आहे.

चाळीस वर्षे या माणसाने लोकांना सांगितले होते, की देव धावून येतो. गजेंद्रासाठी आला, द्रौपदीसाठी आला, मरताना मुलाला हाक मारणाऱ्या अजामिळालाही त्याने तारले. श्रोते ऐकून घरी गेले. आता सांगणारा म्हातारा झाला आहे, आणि एक प्रश्न त्याला सोडत नाही: हे सगळे माझ्यासाठीही आहे का? तो देवाला जुने दाखले देतो, त्याची स्तुती करतो, मग एकदम रागावतो. पतितांना पावन करतोस हे तुझे नाव आहे. मला टाकलेस तर जाईल ते तुझेच नाव, माझे काय, असा युक्तिवाद करतो. लगेच ओशाळतो, आपल्या बोलण्याची माफी मागतो. आपण मोठे पापी आहोत असे म्हणतो आणि त्याच दमात त्या पापाचाच हक्क म्हणून उपयोग करतो. लेकराने रडावे आणि आईने यावे, यात लेकराची लायकी कुठे आली, असे विचारतो. धनसंपत्ती तो मागत नाही. चांगल्या माणसांची सोबत मागतो, ऐकण्याची गोडी मागतो, मन स्वच्छ राहावे असे मागतो. शाळांच्या परिपाठात म्हटला जाणारा भाग तो हाच. पण तेथे तो सुभाषितासारखा म्हटला जातो. मूळ जागी तो एका थकलेल्या गृहस्थाच्या विनवणीचा भाग आहे. त्याच्या आधीचा सगळा झगडा वाचल्यावर त्या मागणीचे वजन कळते.

पंतांनी दुसऱ्यांच्याच कथा सांगितल्या, असे म्हणणाऱ्यांनी केकावली वाचून पाहावी. वाचकहो, भाषा कठीण आहे, हे कबूल. पहिल्या वाचनात निम्मे शब्द अडतील. टीका हाताशी घेऊन, दिवसाला दोन-तीन श्लोक असे वाचल्यास दीड-दोन महिन्यांत ती पूर्ण होते.

१७९४ साली चैत्र शुद्ध पौर्णिमेस, १५ एप्रिल रोजी, मोरोपंतांनी बारामतीस देह ठेवला. वय पासष्ट. कालगणना जुळवून पाहिली तर तो मंगळवार येतो, आणि त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा रविवार २० एप्रिलला होता. म्हणजे वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतून तेव्हा पवित्र सप्ताह चालू होता. दोनच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीस वारले होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव. पंतांनी ज्या महाराष्ट्रात जन्म घेतला, तो त्यांच्या मागोमाग चोवीस वर्षांत संपला.

त्यांचे लेखन मात्र कीर्तनकारांच्या तोंडी आणि घरोघरच्या पोथ्यांत टिकून होते. १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोले यांनी नवनीत हा जुन्या कवितांचा संग्रह सिद्ध केला, त्यात पंतांना भरघोस जागा मिळाली, आणि शाळेत जाणारी पहिली मराठी पिढी पंत पाठ करू लागली. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी केकावलीवर यशोदा पांडुरंगी ही विस्तृत टीका लिहिली. दादोबा हे मराठी व्याकरणाचे जनक मानले जातात. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या स्थापनेत ते होते आणि स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती तत्त्वचिंतकाच्या ग्रंथांवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले. अशा चौकस, सुधारक गृहस्थाने आपल्या टीकेसाठी हे काव्य निवडावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांचा कैवार घेतला. ल. रा. पांगारकरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. त्यानंतर कवितेची आवड पालटली. केशवसुतांच्या पुढच्या पिढ्यांना पंत जड वाटू लागले, आणि पाठ्यपुस्तकांतून त्यांची पाने हळूहळू कमी होत गेली.

बारामतीत आज कऱ्हेच्या पुलावर उभे राहिले, तर खालून जाणारे पाणी पावसाळा वगळता फारसे नसते. जे असते ते पुढे सोनगावपाशी निरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहत जाऊन नरसिंहपूरला भीमेत विसर्जित होते. प्रल्हादाचा कैवारी नरसिंह तिथे संगमावर उभा आहे. तिथून भीमा पंढरपुराकडे जाते आणि चंद्रभागा होते. पंतांच्या दारावरून गेलेले पाणी दर आषाढात त्याच वाटेने विठोबाच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचते.